भोंग्यावरचा आवाज

(मोहफुलांचे दिवस. मोहर्लीजवळच्या गावाबाहेर जंगलाच्या वाटेवर वनखात्याची भोंग्याची गाडी. माईकवाला प्रफुल्ल, टोपली घेऊन निघालेली कुंता.)

कुंता : सरक बाजूले. ऊन चढून राह्यलं, मोह सुकून जाईन.

प्रफुल्ल : काकू, आयका ना. वाघीण नाल्यात बसून आहे, पिल्लं आहेत संगं. सकाळपासून तेच सांगून राह्यलो.

कुंता : आयकलं. मागच्या महिन्यातबी तुहंच आयकलं. घरी कॉम्प्युटर आना, लेकराले समोर बसवा, शिकवाची गरज नाई, आपोआप हुशार होते!

प्रफुल्ल : ते... ते दुकानवाल्याची जाहिरात होती.

कुंता : तोंड कोनाचं होतं?

प्रफुल्ल : माहं.

कुंता : मंग? आजवर तू जंगलात जाऊ नोका म्हनलं का आमी जात नवतो. कधी खोटं निंगालं नाई तुहं. म्हनून दिव्याच्या बापाले म्हटलं, प्रफुल्ल सांगते तं घ्याच. बकऱ्या इकल्या अन् आनला.

प्रफुल्ल : दुकानवाला म्हने, गावात तुहाच आवाज चालते. मी फुगलो, काकू. माहाच आवाज काऊन पायजे, हे इचारलंच नाई.

कुंता : दिव्या रोज बसते त्याच्यापुढं. काई समजत नाई. काल रडली. म्हने, आई, सगळ्यायले आपोआप येते, मीच ढ आहो.

प्रफुल्ल : मले सोताले कॉम्प्युटर चालवता येत नाई. त्यायनं कागद देल्ला, मी वाचला. खोटं होतं ते. तुमाले तोंड दाखवाची लाज वाटते मले.

कुंता : मले नोको सांगू. पोरीले सांग तिच्यासमोर बसून.

प्रफुल्ल : सांगतो. आजच येतो. पन तुमी आत नोका जाऊ.

कुंता : वाघिनीचं तरी खरं आहे का?

प्रफुल्ल : आईची आन. मी सोता पाह्यली.

कुंता : अरे देवा! दिव्याचा बाप मघाशीच गेला रे, नाल्याकडच्या मोहाखाली. मी म्हटलं, प्रफुल्ल वरडून राह्यला. तं हासला. म्हने, आज दुसरं काई इकून राह्यला असन.

प्रफुल्ल : डोमाकाका हो! माघारी या! नाल्यात वाघीण—

कुंता : तू थांब. आन तो माईक इकडं. तुह्या आवाजानं नाई येनार तो.