सूनबाईला सांगायचं वाक्य

मास्तर : परत सांगा. तिला नेमकं काय म्हणालात?

वहिनी : “मूव्ह ऑन.” एवढंच. दोनदा म्हणाले, नीट ऐकू जावं म्हणून.

मास्तर : मग?

वहिनी : सूनबाईनं फोन ठेवला तो ठेवलाच, आता उचलतही नाही. सर, अर्थ तुम्हीच सांगितला होता, पुढे जाणं.

मास्तर : अर्थ बरोबरच आहे हो. शिलाई मशीन थांबवा जरा, माझी विजार पळून जात नाही. लक्ष द्या. रस्त्यात गर्दी झाली की पोलीस म्हणतो मूव्ह ऑन, म्हणजे चला, हटा. एक धडा संपला की मी वर्गात म्हणायचो, लेट्स मूव्ह ऑन, पुढचा घेऊ. आणि जवळचं माणूस गेल्यावर मागे राहिलेला पुन्हा जगायला लागतो, तेही मूव्ह ऑनच. पण ते ज्याचं त्यानं म्हणावं. दुसऱ्यानं असं तुटक म्हटलं की हुकूम होतो.

वहिनी : म्हणजे मी तिला हाकललं.

मास्तर : तिला तसं वाटलं असणार.

वहिनी : अहो, ती रडत विचारत होती. तिला मराठी येत नाही. तिचं इंग्रजी मला समजतं, माझंच तोंडातून फुटत नाही. कोणी भेटलाय म्हणे, लग्नाचं विचारतोय, आई, तुम्हाला चालेल का? माझा मुलगा जाऊन दोन वर्षंही झाली नाहीत. तरी म्हटलं, पोरीचं आख्खं आयुष्य पडलंय. मन घट्ट करून दोन शब्द बोलले, तर ते असे निघाले.

मास्तर : रडू नका वहिनी. आवाजी निरोप पाठवू आपण, तो ती ऐकेल. म्हणा, “इफ यू वॉन्ट टू मूव्ह ऑन, आय ॲम हॅपी.”

वहिनी : हॅपी कुठे आहे मी?

मास्तर : मग “इट्स ओके” म्हणा. माझी हरकत नाही, असं.

वहिनी : हे जमेल. “इफ यू वॉन्ट टू मूव्ह ऑन, इट्स ओके.”

मास्तर : छान. शेवटी आवाज खाली आणा, म्हणजे माया कळते.

वहिनी : माया शिकवू नका, तेवढी येते मला. “इफ यू वॉन्ट टू मूव्ह ऑन, इट्स ओके, बेटा.”

मास्तर : अगदी बरोबर. आणखी काही सांगायचंय तिला?

वहिनी : आहे एक. पण “माझ्या लेकाला विसरू नकोस” याला इंग्रजीत काय म्हणतात, ते मात्र मला सांगू नका. कळलं तर तोंडातून निघून जाईल.