कॅपिटल अक्षरांतला नमस्कार

सांगलीत सायबर कॅफे नवीन होतं तेव्हा आमच्या कडेगावच्या सलीमला अमेरिकेतून दम मिळाला होता, सांगितलं का कधी? परदेशातल्या मराठी मंडळींच्या चॅटरूममध्ये यानं लिहिलं, 'मी कडेगावचा सलीम, सगळ्यांना नमस्कार.' सगळं इंग्रजी कॅपिटल अक्षरांत. चॅटरूम सांभाळणाऱ्या बाईंचं लगेच उत्तर, 'ओरडू नका, नाहीतर काढून टाकीन.'

सलीम माझ्या कानाला लागला, "गड्या, मी तर तोंडबी उघडलं न्हाई."

तिथं कॅपिटल अक्षरं म्हणजे ओरडणं, हे आम्हाला काय माहीत? सलीम घाबरून उठायलाच लागला, तेवढ्यात शिकागोच्या एका आजोबांनी कॅपिटल अक्षरांतच लिहिलं, 'बाई, मीबी कडेगावचाच. आमच्याकडं याला बोलणं म्हणत्यात.'

बाईंनी 'हा हा' लिहून सोडून दिलं. सलीमनं 'हुश्श' केलं, ते मात्र अख्ख्या कॅफेला ऐकू गेलं.