पाटावरचं हेल्मेट

तुम्ही हसाल, पण एका दसऱ्याला मला तळोज्याच्या कारखान्याच्या गेटवरून परत पाठवलं होतं.

मी फिटर. सणालाही ड्युटी चुकायची नाही, त्यामुळे बायको दर दसऱ्याला एकटीच जेवायची. त्या सकाळी तिने माझ्या पाने-पकडींसोबत हेल्मेटही पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. मी हात पुढे केला तर म्हणाली, "अहो, पूजेतलं हत्यार आज उचलायचं नसतं."

मी तसाच गेलो. गेटवर सेफ्टीच्या साहेबांनी अडवलं. "काका, हेल्मेट कुठाय?"

"पाटावर बसलंय."

त्यांनी घरी फोन लावायला लावला. ही शांतपणे म्हणाली, "साहेब, आज त्याला सुट्टी आहे."

"मग मावशी, काकांनाही सुट्टी. स्टोअरवाला रजेवर आहे, दुसरं हेल्मेट कुठून देऊ?"

तोंड पाडून घरी आलो, तर दोन ताटं मांडलेली. श्रीखंड वाढलेलं.

"मी परत येणार हे तुला कसं कळलं?"

ती पुऱ्या वाढत म्हणाली, "स्टोअरवाला रजेवर जाणार, हे काल तुम्हीच सांगितलंत ना?"