ज्यांचं बोलणं नाही त्यांच्या सह्या

(बिबवेवाडी. शुक्रवारची दुपार. मार्केट यार्डातला माल उतरवून हमाल घरी परतलेत. कोंडीरामच्या दारात नासिर उभा आहे. दोघं एकाच टोळीतले हमाल, पण कित्येक वर्षांत एकमेकांशी बोललेले नाहीत.)

द्वारका : अहो, बाहेर या. नासिरभाई आलेत.

कोंडीराम : त्याला सांग, मी घरात न्हाई.

नासिर : वहिनी, त्याला सांगा, आवाज घरातूनच येतोय.

द्वारका : आत या, भाई. उन्हात का थांबलाय?

नासिर : बसायला नाही आलो. त्याला फक्त विचारा, टोळीच्या आसरा फंडाच्या चेकवर सही केली का?

कोंडीराम : त्याला इचार, त्यानं केली का.

द्वारका : समोरासमोर हायसा की दोघं! मी काय टेलिफोन हाय का?

नासिर : मी केली.

कोंडीराम : काय?

नासिर : ऐकलंस ते. आज सकाळी केली, गाळ्यावर. तुझा दिग्विजय चेक घेऊन आला होता.

कोंडीराम : तू? अरं, आपल्या टोळीतल्या रंगरावच्या चष्म्याच्या बिलावर सही करताना तू डॉक्टरची चौकशी करून आला हुतास! आन् आता सगळा फंड निघाला तरी सही केलीस?

नासिर : मला वाटलं, कोंडीराम आहे की. पोरगा त्याचा असला तरी तो मेल्याशिवाय सही करायचा नाही. मग मी कशाला वाईट होऊ? आता तू बोल.

कोंडीराम : केली. काल. पोरानं कागद म्होरं केला. मनात म्हनलं, नासिर हाय की अडवायला. त्यो माझ्या पोराला दारात उभा करायचा न्हाई. बापानंच न्हाई म्हनलं, असं पोराला वाटाया नगं.

द्वारका : म्हंजी दोघांनीबी एकमेकाच्या भरवशावर केली?

नासिर : भरवशावर नाही, वहिनी. वैरावर.

द्वारका : वा! टोळीनं तुम्हाला नेमलं कशापायी? आधीच्या सहीवाल्यांचं काय झालं? दोन साडू हुते. संगनमत केलं आन् हमालांचं म्हातारपण मेव्हणीच्या लग्नात जेवायला वाढलं. तवापास्नं ठरलं, ज्यांचं आपसात बोलणं न्हाई त्यांच्याच सह्या. एवढी वर्सं तोंडं फिरवून बसलात, आन् केलंत काय?

नासिर : साडूंनी निदान एकमेकांना विचारून केलं होतं.

कोंडीराम : चेक कुठं हाय?

द्वारका : दिग्विजयच्या खिशात. उद्या सकाळी बँक उघडली की भरणार म्हनत हुता. हा बघा, आलाच.

दिग्विजय : नासिरचाचा? तुम्ही, आमच्याकडे? बाबा, तुम्ही दोघं बोलताय?

कोंडीराम : चेक दे.

दिग्विजय : कशाला?

कोंडीराम : दे म्हनतो ना.

दिग्विजय : तुमची सही आहे बाबा त्याच्यावर. चाचांचीही आहे. मी टोळीचा सेक्रेटरी आहे, चोर नाही. काही लपवून केलेलं नाही मी.

नासिर : लपवलं नाहीस, घाई केलीस. उद्या संध्याकाळी सभा आहे. सभेत नियम मंजूर होणार, की म्हातारपण आणि दुखणं सोडून आसरा फंडाला कुणी हात लावायचा नाही. आणि तू सकाळीच हात लावून मोकळा.

दिग्विजय : हो, केली घाई. नियम एकदा पास झाला की पुढची वीस वर्षं हा पैसा बँकेत झोपून राहणार. चाचा, तिकडे हिंजवडीत रोज नवीन बिल्डिंग उभी राहतेय. कंपन्यांना मुलं मिळत नाहीत. आपल्या पोरांना काय येतं? पोती मोजायला. मी जागा बघितली, कॉम्प्युटरवाल्याला शब्द दिला. हमालांच्या मुलांसाठी क्लास. काय चुकीचं आहे त्यात?

कोंडीराम : काय बी चुकीचं न्हाई.

दिग्विजय : मग?

कोंडीराम : चांगलं हाय म्हनून तर सही केली. वाईट कामाला पैसा मागाया आला असतास तर मीच हाकलला असता.

दिग्विजय : क्लासची फी येईल. त्यातून फंड पुन्हा भरू. इन्व्हेस्टमेंट आहे ही.

नासिर : साडूही म्हणाले होते, भरू म्हणून. इन्व्हेस्टमेंट तेवढं म्हणाले नव्हते.

दिग्विजय : मला त्या साडूंच्या लाइनीत बसवू नका, चाचा! क्लासच्या यादीत पहिलं नाव कुणाचं आहे? तुमच्या मुलीचं, मिसबाचं. दुसरं माझ्या बहिणीचं, श्रद्धाचं. मी माझ्यासाठी मागतोय का?

नासिर : माहीत आहे मला. मिसबाचं नाव तू दाखवलंस तेव्हाच पेन उघडलं मी. कोंडीराम अडवेल वगैरे नंतर सुचलं. खरं सांगायचं तर मला वाटत होतं, त्याने अडवू नये.

कोंडीराम : मला बी तसंच वाटलं हुतं, नासिर.

दिग्विजय : मग झालं तर! दोघांच्याही मनात आहे. कशासाठी अडवताय? बाबा, या पाठीकडे बघा तुमच्या. सरळ झोपता येत नाही तुम्हाला. श्रद्धानं पण ह्याच गल्लीत मिरच्या निवडत बसायचं का?

द्वारका : त्यांच्या पाठीचं नाव काढतोस, मग रंगरावच्या पाठीचं बी काढ.

दिग्विजय : आई, रंगरावकाकांच्या ऑपरेशनचे पैसे मी बाजूला ठेवलेत.

द्वारका : डॉक्टर दुसरं ऑपरेशन सांगतोय. त्याची बायको बायडाबाई सकाळी दवाखान्यात मला म्हनली, वहिनी, फंड हाय म्हनून निवांत हाय बघा मी. नवरा पालथा पडलाय, आन् बाई म्हनती मी निवांत हाय.

दिग्विजय : दुसऱ्यासाठी काहीतरी करू आपण. वर्गणी काढू.

द्वारका : बरं. मग असं कर. उद्या बँकेत जाताना वाटेत दवाखान्यात थांब. बायडाबाईच्या म्होरं उभा राहा आन् तोंडानं सांग, मावशे, फंडाचे कॉम्प्युटर घेतले, तू वर्गणीची वाट बघ. एवढं सांग आन् खुशाल चेक भर. मी अडवायची न्हाई.

दिग्विजय : आई...

द्वारका : सांगशील?

दिग्विजय : हे इमोशनल ब्लॅकमेल आहे.

द्वारका : मला त्यातलं कळत न्हाई. सांगशील का न्हाई?

नासिर : पोरा, तू बस आधी. वहिनी, पाणी द्या त्याला.

दिग्विजय : नको. मावशीला असं नाही सांगवणार मला. हा घ्या चेक. पण एक माझं ऐका. उद्या नियमात एक ओळ घालू. मुलांच्या शिक्षणासाठी अपवाद. दोन्ही सह्या असतील तरच. एवढंच.

कोंडीराम : दोन्ही सह्या? अरं, तुझ्या हातातल्या चेकवर बी दोन्ही सह्या हायतच की!

नासिर : तू अपवाद लिही, मीच पहिला हात वर करीन. मिसबासाठी करीन. उद्या दुसरा कुणी देवळासाठी करील, तिसरा मुकादमाच्या सत्कारासाठी. सगळ्यांची कारणं चांगलीच असतात रे. म्हणून लिहू नकोस. माझ्या हातात ठेवूच नकोस ते.

दिग्विजय : मी त्या कॉम्प्युटरवाल्याला शब्द दिलाय. सभेत तोंड कसं दाखवू?

कोंडीराम : तू गप बस सभेत. मी उठून सांगतो. म्हनतो, ह्या कोंडीरामनं सही केली हुती. माझ्या सहीवर इसंबू नका, कुनाच्याच सहीवर इसंबू नका. नियम असा करा की आमी चांगले असलो तरी चालंल आन् न्हाई असलो तरी चालंल.

दिग्विजय : हसतील लोक तुम्हाला. एवढी वर्षं टोळीत मान आहे तुमचा.

कोंडीराम : हसतील. मान जाईल. पन सांगनार.

नासिर : तुझ्यानंतर मी उठतो. एकट्याचंच हसं करून घेतोस काय?

कोंडीराम : फाड तो चेक.

नासिर : तू फाड.

कोंडीराम : माझ्या पोरानं दिलाय. माझ्यानं फाटायचा न्हाई. तू फाड.

नासिर : घे. फाटला. आता नियम झाला की सहीला कुणीही चालेल. आपलं भांडण चालू ठेवायचं कारण नाही.

कोंडीराम : कारन आधीपास्नंच नव्हतं. ट्रक उतरवायच्या पाळीवरनं झालं हुतं, दुसऱ्या दिशी मिटलं असतं. तवर बोलणं न्हाई म्हनून फंड गळ्यात पडला.

नासिर : मला वाटायचं, तू खरंच चिडलायस.

कोंडीराम : मला बी तुझं तसंच वाटायचं.

द्वारका : ते सगळं ऱ्हाऊ द्या. श्रद्धाला काय सांगू? सकाळपास्नं गल्लीभर सांगत फिरलीय, माझं नाव लागलं म्हनून. मैत्रिणीकडं गेलीय, यील आता.

नासिर : मिसबानं तर नवी वही पण आणलीय.

दिग्विजय : मी सांगू का श्रद्धाला?

कोंडीराम : न्हाई. तू द्यायला निघाला हुतास, काढून आमी घेतलं. नासिर, मिसबाला हितंच घेऊन ये. दोघींना मिळून सांगू.

नासिर : आत्ता?

कोंडीराम : आत्ताच. पोरीच्या तोंडाकडं बघून सांगायचं हाय. मला एकट्याला न्हाई जमायचं.