संमती

बायको गेल्यावर नवऱ्यानं जळावं का? मी जळलो, ऐका.

सुमन वारून महिना झाला होता. तिच्या ऑफिसातले देशमुख घरी आले. दोघं नवा रायपूरला एकाच बसनं जात.

"भाऊजी, दीदीचं ते जाड पुस्तक नेऊ काय? स्वातंत्र्य अन् सरकारवरचं. त्याच्यावरून आम्ही बसमध्ये रोज भांडत होतो. त्यात लिहिलं आहे, सरकार लोकांच्या संमतीनं चालते. दीदी म्हणे, नुसतं हो म्हटलं म्हणजे संमती झाली काय?"

रोज भांडत होते! मला झोंबलं.

"माझ्याशी तर ती कधीच भांडली नाही," मी म्हटलं. "काही सांगा, छत्तीसगढी 'हव', म्हणजे हो, म्हणून मोकळी व्हायची."

देशमुख हसत सुटले. "तेच तर सांगे ना! हव म्हणून टाकायचं, अन् मग आपल्याले पाहिजे तेच करायचं."

उभ्या संसारात मला न कळलेलं या माणसाला बसमध्ये कळलं होतं.

"मग नेऊ ना पुस्तक?"

"हव," मी म्हटलं, आणि पुस्तक कपाटात ठेवून कुलूप लावलं.