नुसत्या भेटीचं गाव

माझं माहेर एरंडोल तालुक्यातलं, पण गावाचं नाव नका लिहू, कारण ज्यांच्याबद्दल सांगणार आहे ती माणसं अजून तिथंच आहेत आणि वाईट नाहीत. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. वडील शाळेत शिपाई, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुटीत शाळेच्या कपाटातली पुस्तकं आमच्या घरी यायची, वडील हेडमास्तरांना सांगायचे वाळवी लागेल, घरी नेऊन ऊन दाखवतो, आणि मग ती सगळी पुस्तकं मी वाचून काढायची. मी बोलते ते पुस्तकी वाटत असेल तुम्हाला, तर ते तेव्हापासूनचं. आम्ही तीन भावंडं, मी मोठी, मग भाऊ, मग विमल. आणि भिंतीला भिंत लागून मंदाचं घर. मंदा आणि मी एका बाकावर बसलो, मॅट्रिकला एकदमच बसलो, मी पास झाले, ती गणितात गेली. मास्तरीण, तू माझी गणितं सोडव, मी तुझी भांडणं करते, असं म्हणायची, आणि करायचीही.

लग्न माझं तिथून दोन कोसांवरच्या गावात झालं, मालक एस.टी.त कंडक्टर. पुढे विमललाही माझ्याच गावात दिली, दोन गल्ल्या सोडून. मंदाचं लग्न पारोळ्याकडे झालं आणि मोडलं. नवऱ्यानं टाकली म्हणायचे लोक, ती म्हणायची मीच निघाले, पण काही असो, ती परत येऊन भावाच्या घरात राहू लागली, आणि टाकलेल्या बाईचं भावाच्या घरात काय असतं ते तुम्हाला वेगळं काय सांगू. भावजय ताटात भाकरी वाढायची पण तोंडाकडे बघायची नाही.

मग ते काम आलं. रविवारी सकाळी टीव्हीपायी गल्लीच्या गल्ली ओस पडायची, ते दिवस. जळगावच्या बाजूचे एक डॉक्टर होते, शांत माणूस, त्यांचं म्हणणं असं की लहान लेकरं छाती भरून मरतात ती दवाखान्यापर्यंत पोचत नाहीत म्हणून मरतात, तर गावातल्याच शिकलेल्या बाईला श्वास मोजायला शिकवलं आणि तिच्या हातात औषध दिलं, तर लेकरू घरीच बरं होईल का, हे त्यांना बघायचं होतं. बघायचं म्हणजे संशोधन. त्यासाठी निम्म्या गावांत औषध द्यायचं आणि निम्म्या गावांत नुसती भेट द्यायची, लेकरू बघायचं, श्वास मोजायचा, जोरात चालत असेल तर एरंडोलच्या सरकारी दवाखान्यात न्या म्हणून सांगायचं. मी विचारलं होतं, सर, सगळ्यांनाच का नाही द्यायचं. ते म्हणाले, ताई, सगळ्यांना दिलं आणि लेकरं वाचली, तर ती औषधानं वाचली की त्या साली साथच कमी होती, हे कसं कळणार, आणि ते कळलं नाही तर सरकार हे सगळ्या जिल्ह्याला कशाला देईल. मला पटलं होतं. आज विचारलंत तरी त्यात खोट सापडत नाही, आणि तेच मला टोचतं.

मला माझ्या गावासाठी घेतलं, मंदाला तिच्या, आणि कोणत्या गावाला काय याच्या चिठ्ठ्या आम्हा बायांसमोर काढल्या. माझं गाव औषधाचं निघालं, मंदाचं, म्हणजे माझं माहेर, नुसत्या भेटीचं. मंदा म्हणाली, वा रे न्याय, हिला बाटली आणि मला घड्याळ. सगळ्या हसलो. आम्हा सगळ्यांना सारखी निळी साडी दिली, सारखी खाकी पिशवी, कारण डॉक्टरांचं म्हणणं, बाई सारखीच दिसली पाहिजे, फरक फक्त औषधाचा असला पाहिजे. मंदाच्या अंगावर ती साडी काय शोभायची. पहिल्यांदा पगाराचे पैसे घरात दिले तेव्हा भावजयीनं तिला चहा करून दिला, हे तिनं मला मुद्दाम येऊन सांगितलं, आणि म्हणाली, साखर जास्त होती गं, पण मी पिऊन टाकला.

आमच्या गावात औषधाचा गुण आला. गुलाबी, गोडसर सिरप, नाव लांबलचक, लोक नुसतं गुलाबी दवा म्हणायचे. आधी बाया पोराच्या पोटावर बिब्ब्याचे डाग द्यायच्या, मग हळूहळू माझ्या दारात येऊ लागल्या. मी सगळ्यांना एकच घोकून सांगायची, पोर धापलं तर घाबरू नका, इकडेतिकडे पळू नका, डाग देऊ नका, निळ्या साडीवाल्या बाईकडे या. विमलची प्रज्ञा, चालायला नुकतीच लागलेली, ती दोनदा माझ्याच औषधानं बरी झाली. त्यामुळे विमलनं ते वाक्य मनात अगदी पक्कं धरलं होतं.

आता अखाजीचं, म्हणजे अक्षय्यतृतीयेचं सांगते. आमच्या खान्देशात अखाजीला सासरी लेक ठेवत नाहीत, तिला माहेरी आणायचंच. आमच्या वस्तीत धम्म घेतल्यापासून पितरांची घागर पूजायचं बंद झालं होतं, तरी लेकी यायच्या, झोके बांधायचे, आणि पुरुष झाडाखाली पत्ते खेळायचे, वर्षातून तेवढे दिवस कुणी कुणाला जुगारावरून बोलत नाही. डॉक्टरांनी गावं वाटली होती, पण अखाजीला औषधाच्या गावातल्या लेकी नुसत्या भेटीच्या गावात जाणार, हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, माझ्याही नाही, आणि मी तर तिथलीच लेक. त्या वर्षी सासूबाईंचा पाय मोडलेला, म्हणून मी गेले नाही. विमल प्रज्ञाला घेऊन गेली.

त्या उन्हाळ्यात गोवर फिरत होता. पोरीचा गोवर ओसरला होता, पण माहेरी गेल्यावर ताप पुन्हा चढला आणि छाती भरली. विमल आईला म्हणाली, काळजी नको, मंदाताई आहे ना. मंदा बोलवायच्या आधीच आली. श्वास मोजला आणि म्हणाली, विमे, उठ, हिला आत्ताच्या आत्ता एरंडोलला ने. विमल म्हणाली, औषध दे ना ताई. मंदा म्हणाली, माझ्याकडे औषध नाही, या गावाला दिलेलंच नाही. विमलला ते खरंच वाटेना. सारखी साडी, सारखी पिशवी, तिकडे आहे आणि इकडे नाही असं कसं. मंदानं पिशवी उलटी करून दाखवली, घड्याळ, थर्मामीटर, पेन, बस. तेव्हा विमलनं ठरवलं की दवाखाना नको, ताईकडून बाटली मागवते, आणि भावाला सायकलवर माझ्याकडे धाडलं. मंदा तिकडे जीप शोधायला पळाली. जीपवाला पत्त्यांत बसलेला, हा डाव होऊ दे म्हणाला. मंदानं त्याचे पत्ते उधळले, शिव्या खाल्ल्या, तरी तो उठेना.

भाऊ आला तेव्हा मी दळण निवडत होते. औषध दुसऱ्या गावात न्यायचं नाही असा नियम होता, पण मला तो आठवला तो नंतर. निळी साडी अंगावर होतीच, पिशवी घेतली आणि भावाच्या सायकलवर मागे बसले. ऊन असं की डांबर चाकाला चिकटत होतं. पोचले तर अंगणात सगळी वस्ती जमलेली, आणि मी त्या सगळ्यांच्या देखत त्या खाकी पिशवीतून गुलाबी बाटली काढली. पोरीला गिळता येत नव्हतं. ओठ काळे पडले होते. डाव संपला तेव्हा कुठे जीप आली, मंदा पुढे बसून आली होती, पण एरंडोलच्या अलीकडेच पोर विमलच्या मांडीवर गेली.

काय सांगू तुम्हाला, पुरतं रडून व्हायच्या आत कुणीतरी बोललं. मंदीना थैलीमा दवा व्हती, तिनी दिधी नही. दोघींची पिशवी एक, एकीच्या पिशवीतून बाटली निघाली, ती सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली. मग दुसरीच्या पिशवीत नव्हती यावर कोण विश्वास ठेवणार. कुणी म्हणालं लपवली, कुणी म्हणालं विकली, कुणी म्हणालं, सोता वांझोटी, तिले पोरनी काय माया.

मी डॉक्टरांकडे जाऊन सगळं सांगितलं. ऑफिसातला एकजण हळूच म्हणाला, सर, ही केस कोणत्या गावात धरायची, राहते तिथं की वारली तिथं. डॉक्टरांनी समोरची वही मिटली. मग म्हणाले, आता सगळ्या गावांना औषध द्या. पावसाळ्याआधी मंदाच्या पिशवीत गुलाबी बाटल्या आल्या, आणि तिथंच तिची उरलीसुरली अब्रू गेली असं मी म्हणते. कारण बाया म्हणाल्या, तवा नव्हती, मग आता कुठून आली. म्हणजे होतीच.

तिनं काम सोडलं नाही. पोरं बरी केली, पुष्कळ केली. बाया औषध घ्यायच्या आणि पाठ फिरली की तेच बोलायच्या. मी वस्तीत जाऊन घरोघर सांगितलं, चिठ्ठ्यांचं सांगितलं, माझं कोण ऐकणार, मी तिची मैत्रीण. विमलनं सांगितलं असतं तर ऐकलं असतं. ती पोरीची आई, पिशवी तिच्यापुढे उलटी झाली होती. मी तिला किती अखाज्या विनवलं, एकदा चल, एकदा बायांसमोर बोल. ती माहेरीच जाईना. एकदा भांडी घासता घासता म्हणाली, ताई, मला माहीत आहे गं तिच्याकडे नव्हतं. पण ते मी बोलले की मग उरते कोण, मीच ना, जी बाटलीची वाट बघत बसली. निळ्या साडीकडे जा, इकडेतिकडे पळू नका, हे तिला शिकवणारी मी. तिच्या हातातलं भांडं घेऊन मीच घासत बसले.

अशी वर्षं गेली. विमलला मुलगा झाला, तो आता शाळेत जातो. मंदाला गेल्या हिवाळ्यात कावीळ झाली, धुळ्याला नेली, तिथून आणली ती डोळे मिटलेलीच. तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला विमल आली, मी बोलावलं नव्हतं. भंतेजींचं सूत्रपठण झालं, दोन माणसं मंदाबद्दल बरं बोलली, आणि ती खाली बसल्यावर विमल उठून उभी राहिली. पदर दाताखाली धरलेला, तो सोडला. म्हणाली, मंदाताईकडे औषध नव्हतं, तिनं मला दवाखान्यात जा म्हणून सांगितलं होतं, मीच गेले नाही. एवढंच बोलली.

मंदाची भावजय, तीच ती, विमलजवळ आली, तिचा हात धरून खाली बसवलं आणि म्हणाली, माय, आते सांगी ऱ्हायनी, ती ते गई. आता सांगतेस, ती तर गेली, हे रागानं नाही हो, अगदी मायेनं म्हणाली. आणि मग ती स्वतःच रडायला लागली.

त्या दिवसापासून वस्तीत मंदाचं नाव नीट घेतात. लेकरू धापलं की आता कुणी डाग देत नाही, कुणी वाट बघत नाही. मला बरं वाटायला पाहिजे, आणि वाटतंही थोडं. पण तिच्या घरावरून जाताना मी अजून मान खाली घालते. ज्यांनी तिला बोल लावले त्यांच्याही घरात आता नातवंडं आहेत, ती खेळतात, मोठ्यानं ओरडतात. ती सगळी सुखी राहोत. दुसरं काय म्हणू.