तो रस मीच दिला

माझं गाव करकंबच्या पलीकडं, वस्तीवर चार घरं, शाळा दोन मैलांवर. चौथीपतुर गेले आन मग धाकट्या भावांना सांभाळायला घरी बसवली, त्याचं मला काय दुःख न्हाय, पण लिवलेला कागद समोर आला की अजून छातीत धडधडतंय, वाचता येतंय तरी धडधडतंय. सोलापुरात आले ती लग्न करून. नवरा टॉवेलच्या कारखान्यात होता, माझी लेक पूजा तीन वर्सांची असताना काविळीनं गेला. गाव काय लांब न्हाय, एस्टीनं अडीच तास, पण आई गेल्यावर ज्यांना कडेवर घेऊन वाढवलं त्या भावांनी एकदाबी ये म्हणलं न्हाय, मग ते गाव मला परदेशच की.

तवापासून मी आप्पांच्या घरी भाकरी करते, पंधरा वर्सं झाली. आप्पा म्हंजी आमचे मालक, लिंगायत माणसं, कापडाचं दुकान, आता मुलगा बघतोय. आप्पांची बायको होती, अव्वा म्हणायचे सगळे, त्यांनी मला लेकरासकट मागच्या खोलीत ठेवून घेतलं, आप्पांनी पूजाला शाळेत घातली, आज ती नर्सिंगला हाय. काय सांगू तुम्हाला, हे मी विसरले तर मला नरकात बी जागा मिळायची न्हाय. म्हणून त्या घरात कुणी काय सांगितलं की मी व्हय म्हणायची. व्हय अव्वा, व्हय आप्पा, आन अव्वा गेल्यावर घर सुनेच्या हातात आलं तशी व्हय वैनी, करते वैनी. जेवू का नको हे बी कुणाला तरी विचारून ठरवायची सवय लागली मला.

वैनी वाईट न्हाईत. पण वर्साखाली त्यांना ते वेलनेस लागलं. कुटनं लागलं ते ठाऊक न्हाय, मोबाईलमधनं लागलं. त्यात एक सर हाय, पांढरा झब्बा, मागं केळीचं झाड, ते सकाळी सहाला बोलायला लागतंय, जीवनात समतोल आणा, छोटे छोटे बदल करा. ह्यानं जल्मात एक बादली पाणी उचललं असंल का, मला सांगा. त्याच्या ग्रुपात दीडशे बाया, समद्यांनी ताटाचा फोटो पाठवायचा आन मगच जेवायचं, भाकरी गार झाली तरी चालंल, फोटो नीट आला पायजे. सरांनी फूल पाठवलं की वैनींचं तोंड फुलायचं, न्हाय पाठवलं की आमच्यावर राग.

हाताला एक घड्याळ बांधायचं, पावलं मोजणारं. दहा हजार झाली पायजेत म्हणं. वैनींची सोफ्यावर बसून कशी व्हायची, मंग दुपारी ते घड्याळ माझ्या मनगटावर, शालन, तू झाडतीयास न्हवं, घाल जरा. मी झाडले, पुसले, गच्चीवर चारदा कपडे वाळत घातले, आन संध्याकाळी वैनींचा ग्रुपात पयला नंबर. सर म्हणले, वाह ताई, ही शिस्त. मी भांडी घासत ऐकत होते.

एक वही बी होती, सकाळी उठून तीन आभार लिवायचे. एकदा मला विचारलं, शालन, आज काय लिहू गं, सुचंना. ज्या बाईला घरात बसल्या जागी चहा मिळतोय तिला सुचंना. मी म्हणलं, लिवा की, गॅस संपला न्हाय म्हणून. त्यांनी खरंच लिवलं.

इतकं सगळं मी मनात हसून सोडून देत होते. पण मग ते आप्पांवर आलं. आप्पांचं वय शहात्तर, साखर जुनीच, पण माणूस ताठ, दोन भाकऱ्या, आमटी, शेंगाची चटणी, आन नऊला झोप. वैनी म्हणल्या, भाकरी एकच द्यायची, जेवण साडेसहाला, आन सकाळी अनुशापोटी कच्च्या दुधी भोपळ्याचा रस, एक मोठा पेला. आप्पांनी माझ्याकडं बघून कपाळाला हात लावला. पण सुनेचं मन मोडायला नको म्हणून पीत ऱ्हायले, वीस-बावीस दिवस पिले.

आता बगा, दुधी चिरताना आमच्याकडं एक रीत हाय. देठाकडचा बारका तुकडा काढायचा आन जिभेला लावायचा. वेलाला कवातरी एखादा कडू निघतोय, दिसायला सारखाच, हिरवागार. तो लागला की आई सगळा भोपळा उकिरड्यावर टाकायची, म्हशीला बी द्यायची न्हाय, म्हशीचं पोट बिघडतंय म्हणायची. हे कुणी मला शिकवलं न्हाय, बघून बघून हात करतोय.

त्या मंगळवारी बी मी तुकडा जिभेला लावला. जहर. दोनदा थुंकले, चूळ भरली, तरी घशात ऱ्हायलं. वैनींना म्हणलं, वैनी, हा कडू हाय, टाकू का. वैनी हातात मोबाईल घेऊन उभ्या, त्यांनी लगेच सरांना विचारलं, माझ्यासमोर, मोठ्यानं आवाज लावून. सर म्हणलं, कडू म्हणजेच औषध ताई, कारल्याचा रस पितो की नाही आपण, शरीर साफ होतं. वैनी म्हणल्या, ऐकलंस? कर.

आन मी केला. कागद बघून धडधडतंय तसं धडधडत होतं, पण हात चालत होते, मिक्सर लावला, गाळला, पेला भरला. आप्पांनी एक घोट घेतला आन तोंड वाकडं केलं, बेड यव्वा बेड म्हणले, कानडीत, नको म्हणले. वैनी फोटो काढायला उभ्या, आप्पा, संपवा की, आज सर समद्यांना बघणार हाईत. आप्पांनी माझ्याकडं बघितलं. लहान लेकरू आईकडं बघतंय तसं. म्हणले, शालन, कडू हाय न्हवं गं?

मी म्हणलं, औषध हाय आप्पा, प्या.

त्यांनी पिला. वैनींच्या सांगण्यानं न्हाय पिला, माझ्या सांगण्यानं पिला. तुमी लिवून घेताय म्हणून सांगते, सरांवर लिवा, माझी ना न्हाय, पण हे बी लिवा.

अर्ध्या तासात उलट्या. आधी हिरवी, मग लाल. गाडीत घालून दवाखान्यात नेलं, वैनींनी वाटंत सरांना फोन लावला, तर ते म्हणतंय घाबरू नका, घाण बाहेर पडतीय. रक्ताला घाण म्हणणारा माणूस, आन आमी त्याला सर म्हणत होतो. दुपारी त्यानं वैनींना ग्रुपातनं काढून टाकलं, विषय संपला त्याचा.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, त्यांनी विचारलं, रस कडू होता का, नीट सांगा, त्याच्यावर इलाज ठरंल. वैनी म्हणल्या, हिनं बघितलंच नसंल. असं म्हणल्या आन माझ्याकडं बघितलं, आन मला कळलं, हितं नुसतं गप ऱ्हायलं तरी चालंल. खोली डोळ्यापुढं आली, पूजाचं कॉलेज डोळ्यापुढं आलं. मी म्हणलं, बाई, मी चाखला होता, कडूजहर होता, ठाऊक असून मी दिला. वैनींचं नाव घेतलं न्हाय. डॉक्टरीणबाई म्हणल्या, ह्याला उतारा न्हाय, सलाईन लावायची आन वाट बघायची. मग माझ्याकडं असं बघितलं, की तसं मला आजपतुर कुणी बघितलं न्हाय, आन मी त्याच लायकीची होते.

तीन दिवस वाट बघितली. चौथ्या दिवशी आप्पांनी पाणी मागितलं.

घरी आल्यावर मी दुधात भाकरी कुस्करून नेली आन पायाशी बसले. म्हणलं, आप्पा, मला काढा. आप्पा म्हणले, तुला कळलं होतं? व्हय म्हणलं. मग प्या का म्हणलीस? मी म्हणलं, तुमच्या घरात ऱ्हाते, वैनींना न्हाय कसं म्हणू. आप्पांनी वाटीतली भाकरी संपवली. मग म्हणले, तुझ्या व्हयपायी मी आज फोटोत असतो की गं, हार घालून. आन वाटी पुढं केली, अजून घाल म्हणले.

आता आप्पा दोन भाकऱ्या खातात, डॉक्टरीणबाईंनी सांगितली तेवढीच साखरंची गोळी घेतात, सकाळी मी आन ते कोपऱ्यावरच्या दूध डेअरीपतुर चालत जातो, पावलं कुणी मोजत न्हाय. नऊला झोपतात. एवढंच आधी बी होतं. ह्याला वेलनेस म्हणत्यात हे मला आता कळलं, आन ते शिकायला दीडशे बाया त्या झब्ब्यापुढं बसल्या होत्या.

वैनी महिनाभर गप होत्या. आता दुसरा सर आलाय, ह्याच्या मागं केळ न्हाय, डोंगर हाय. परवा म्हणल्या, शालन, टबात बर्फ टाकून ठेव, आप्पांना सकाळी पाच मिनिटं बसवायचंय, रक्त फिरतंय. मी म्हणलं, न्हाय वैनी. माझाच आवाज मला वळखू आला न्हाय. वैनी म्हणल्या, कुणाच्या घरात ऱ्हातीस ठाऊक हाय न्हवं? मी म्हणलं, ठाऊक हाय, तुमी बसा टबात, पाणी मी भरून देते, आप्पांना न्हाय.

आठ दिवस झाले, माझ्याशी बोलत न्हाईत. चहा नेला की पेला न बघता घेतात. देव त्यांना चांगली बुद्धी देवो, माझ्या लेकीनं ह्याच घराचं मीठ खाल्लंय, मी शाप देणार न्हाय. खाटंखालची ट्रंक भरून ठेवलीय, पूजाला सांगितलं न्हाय. आन भाकरी रोज बाराला तव्यावर पडतीय, दोन आप्पांच्या, एक माझी.